‘ती’ सामंथा की ‘ते’ सामंथा?

प्रश्न कुडाळहून आला आहे. तिथल्या काही सिनेमाप्रेमींना ‘हर’ (२०१३) दाखवायचा आहे. सोबत मराठी परिचयपत्रक द्यायचंय, जमल्यास मराठी सबटायटलंही. सामंथा ही बिनदेहाची ऑपरेटिंग सिस्टिम, तर तिला ‘ती’ म्हणायचं की ‘ते’? आणि ‘मानव-यंत्र प्रेमसंबंध’ हा शब्द बरोबर आहे का?

पत्रकात बिनधास्त ‘ती’ लिहा. फक्त ती ‘ती’ कुठून सुरू होते, तेवढं पाहून ठेवा. सिस्टिम सुरू होताना थिओडोरला, म्हणजे पुढे तिच्या प्रेमात पडणाऱ्या नायकाला, आवाज पुरुषाचा हवा की बाईचा, असं विचारलं जातं. तो जरा अडखळून बाईचा म्हणतो. ‘ती’ जन्मते ती या उत्तरात. त्याआधी ‘सिस्टिम’ म्हणा. सिस्टिम हा शब्दही मराठीत स्त्रीलिंगीच, पण ते शब्दाचं लिंग झालं. रेल्वेगाडीलाही आपण ‘ती आली’ म्हणतो. त्या उत्तरानंतरचं ‘ती’ व्यक्तीचं आहे. पत्रकात हे दोन्ही एकाच वाक्यात आणू नका, फरक पुसला जातो.

खरी अडचण सबटायटलांत आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापदात दिसत नाही. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. जिथे लिंग उघड करायचं नसेल तिथे मराठीच्या आतच वाटा आहेत. कर्मणी प्रयोग घ्या: ‘नाव मीच निवडलं’ यातलं क्रियापद नावाप्रमाणे चालतं, बोलणारा कोण ते कळत नाही. भविष्यकाळात ‘मी येईन’ दोघांचं सारखंच. ‘मला वाटतं’, ‘माझ्या लक्षात आलं’ यांतही लिंग लपतं. ‘मी ऐकतेय’ऐवजी ‘ऐकू येतंय मला’ चालेल. आणि ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यात तर प्रेम करणाऱ्याचंही लिंग नाही, ज्याच्यावर करायचं त्याचंही नाही! या विषयावरच्या सिनेमांसाठी याहून कामाचं वाक्य मराठीत सापडणार नाही. मात्र हे सगळं दोन-चार ओळींपुरतंच करा. सलग दहा मिनिटं असं लिहिलं तर संवादाची सरकारी नोटीस होते आणि प्रेक्षकाला काहीतरी लपवलं जातंय असं वाटत राहतं. आवाज बाईचा झाला की सरळ ‘आले, गेले, बोलते’ लिहा.

आता ‘ते’. नपुंसकलिंग लावलं की वस्तू झाली, निर्जीव झाली, ही भीती तुमच्या पत्रात दिसते. मालवणी बोलणाऱ्यांनी तरी ती बाळगू नये. ‘तो झील इलो’ (मुलगा आला), ‘ती बायल इली’ (बाई आली), पण ‘ता चेडू इला’ (मुलगी आली). घरातली लाडाची मुलगी नपुंसकलिंगी! गोव्याच्या कोकणीत तर तरुण मुलगी स्वतःबद्दल ‘हांव आयलें’ असं नपुंसकलिंगी क्रियापद वापरते. प्रमाण मराठीत ‘मी आलं’ म्हणता येत नाही. उद्या कुणी हा सिनेमा कोकणीत आणला, तर सामंथाच्या ‘मी’साठी त्याच्या हाताशी एक वाट जास्त असेल, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रमाण मराठीत मात्र ‘ते’ जपून वापरा, कारण ‘ते’ आदरार्थीही असतं. ‘ते आले’ आणि ‘ते आलं’ यांतला फरक एका मात्रेवर उभा आहे. पत्रक छापताना टंकचूक झाली तर सामंथाचे कुणी काका आल्यासारखं वाचलं जाईल.

एक जागा खास सांभाळायची. थिओडोर विचारतो, तू आणखी कुणाकुणाशी बोलतेस? माणसं, सिस्टिमा, काहीही. उत्तर येतं ८,३१६. मग प्रेम आणखी कितींवर? ६४१. इथे ‘किती जण’ लिहिलंत की चुकलंत, कारण ‘जण’ फक्त माणसं मोजतो आणि त्याने तर मोजणी उघडी ठेवली आहे. नुसतं ‘आणखी किती?’ आणि खाली आकडा. तो आकडा तसाच एकटा बोचतो.

‘मानव-यंत्र प्रेमसंबंध’ हा शब्द ‘एक्स माकिना’ या सिनेमातल्या यंत्रमानव एव्हाला शोभतो, तिच्या पारदर्शक पोटातून आतली यंत्रणा दिसते. सामंथाला दिसण्यासारखं काहीच नाही, तिथे ‘यंत्र’ खोटं पडतं. ‘माणूस आणि एआय यांचं प्रेम’ एवढं साधं लिहा. ‘प्रेमप्रकरण’ नको, त्याला कुजबुजीचा वास आहे. ‘थिओडोरचा तिच्यावर जीव जडला’ उत्तम मराठी आहे. उलट बाजूने ‘तिचा त्याच्यावर जीव जडला’ लिहिताना मात्र थांबा: तिला जीव आहे का, हाच तर सिनेमाचा प्रश्न, आणि पत्रकाने त्याचं उत्तर आधीच देऊन टाकू नये. तिथे ‘ती त्याच्या प्रेमात पडली’ ठीक.

पुढे कधी मारिया श्राडर यांचा जर्मन सिनेमा ‘आय ॲम युअर मॅन’ (२०२१) दाखवलात, तर नाव मराठीत करायला अडणार नाही. मूळ नावात ‘मेन्श’ आहे, म्हणजे मनुष्य. आणि सिनेमातला टॉम तर यंत्रमानव आहे. ‘मी तुझा माणूस’ लिहा. ‘माझा माणूस’ म्हणजे नवरा, हा अर्थ बायकांच्या बोलण्यात आहेच.