चौघे उरले, बक्षिसं तीन: एक्का-बादशहावर ऑल-इन कॉल करावा का?

तुमचा प्रश्न असा: पोकरच्या डावात चौघांकडे सारख्याच चिप्स, तुमच्या आधीच्यानं ऑल-इन केलं (सगळ्या चिप्स लावल्या), तुमच्या हातात एक्का-बादशहा; कॉल करावा का, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून भिडावं का? मी असतो तर बहुतेक वेळा फोल्ड (पत्ते टाकून डाव सोडणं).

आमच्याकडे हिंगणघाटच्या बाजूला कापूस वेचून झाला की रात्री ओसरीवर डाव बसतो. चिप्स म्हणजे चिंचोके, बक्षीस तूर डाळ: ५, ३ आणि २ किलो. चौघे सारखे असले की प्रत्येकाचा हिशोबी वाटा अडीच किलो. कॉल करून जिंकलात तर चिंचोके दुप्पट होतात, पण डाळ दुप्पट होत नाही, ती साधारण ३.८३ किलोच. हरलात तर हात हलवत घरी. म्हणजे अडीच भागिले ३.८३, निदान ६५ टक्के जिंकायची खात्री पाहिजे. एक्का-बादशहा तर समोर दुर्री-दुर्रीची जोडी असली तरी निम्म्याच्या किंचित खालीच राहतो! (ब्लाइंड्स, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीनं लावाव्या लागणाऱ्या चिप्स, मोठे असतील तर आकडा थोडा उतरतो.)

उलट स्वतः आधी ऑल-इन करणं वेगळं. तिथं ६५ टक्क्यांची भीती समोरच्याला. तुम्ही बटनवर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी) असाल, तुमच्या आधीचा फोल्ड झाला असेल, तुमच्या मागून बोलायला फक्त ब्लाइंड्स लावलेले दोघे. तेव्हा मध्यम पत्त्यांवरही ऑल-इन करा. पहिल्या जागेवरून मात्र तेच पत्ते फोल्ड करा, मागे तिघं बोलायचे असतात.

आणि एखाद्याकडे पाच-सहाच चिंचोके उरले असतील तर आधी त्याला बाद होऊ द्या.