त्रास नसतानाच जायचं

प्रिय पोरा,

तुझ्या भावाला आतड्याचा कॅन्सर निघाला, तूही मोठ्या आतड्याची तपासणी करून घे, असं मी परवा उद्यमनगरात चहाच्या टपरीवर म्हटलं, तेव्हा तू जे बोललास ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. "मामा, मला काहीच त्रास नाही. चालू मशीन उघडू नये, हे तुम्हीच शिकवलं." माझंच वाक्य तू माझ्यापुढं ठेवलंस आणि मला तिथं उत्तर सुचलं नाही. आता देतो.

चालू मशीन उघडू नये, खरं आहे. पण गिअरबॉक्सचं तेल काढून दोन बोटांत चोळून बघायलाही तुला मीच शिकवलं. बोटांवर चकाकी दिसली की आत दात झिजायला लागलेत, आवाज मात्र अजून यायचा असतो. आवाज आल्यावर तेल बघणारा मिस्त्री काय कामाचा? मोठ्या आतड्याचंही तेच. अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे मांसाचा बारीक कोंब उगवतो, मुगाएवढा, हरभऱ्याएवढा. दुखत नाही, खुपत नाही. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना कॅन्सर व्हायला बहुधा 10 वर्षं तरी लागतात. तेवढ्यात दुर्बीण घालून तारेच्या फासानं तो काढला, तर तिथं पुढं काही वाढायचं राहत नाही. म्हणून त्रास नसतानाच जायचं.

माझ्या थोरल्या भावाला दोन वर्षं रक्त पडत होतं. मूळव्याधवाल्याकडं त्याला स्कूटरवर बसवून मीच न्यायचो. तो न तपासताच पुड्या बांधून द्यायचा. त्या वेळी रक्त म्हटलं की मूळव्याध, असंच सगळे म्हणायचे. मी एकटाच चुकलो असं नाही. पण एके दिवशी पाना धरलेली त्याची नखं मला दिसली. कागदासारखी पांढरी. ती मी बघितली आणि परत लेथकडं वळलो. तपासणी झाली तेव्हा आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता.

तो गेल्यावर सर्जननी मला सांगितलं होतं, सख्ख्या भावाला झालाय, तुम्ही कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीची तपासणी, करून घ्या. मी सहा वर्षं गेलो नाही. कारखान्यात अकरा माणसं, ऑर्डरी अडकलेल्या, बँकेचा हप्ता. ही कारणं खोटी नव्हती, आजही म्हणतो. आणि लाज वाटायची, तेही खरं. 54 व्या वर्षी गेलो. दोन पॉलिप निघाले, एक सुपारीएवढा. तपासणीत कॅन्सर नव्हता. अजून उशीर केला असता तर काय निघालं असतं, ते सांगायला मला डॉक्टर लागत नाही.

आता तुझा हिशेब. तुझ्या सख्ख्या भावाचं निदान 43 व्या वर्षी. आई-वडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांच्यात कुणाला हा कॅन्सर असेल तर 40 व्या वर्षी, किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाआधी 10 वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली तपासणी करायची असते. तू 33 चा. म्हणजे याच वर्षी. घरात कुणालाच नसेल त्यांच्यासाठीसुद्धा अमेरिकेनं 2021 मध्ये वय 50 वरून 45 वर आणलं. आपल्याकडं सरकारी तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही. तुला कुणी बोलवायला येणार नाही. तुझं तुलाच जायचं आहे.

आई म्हणते, नसतं दुखणं कशाला उकरायचं. तिला सांग, उकरायला नाही, दुखणं नाही ना हे बघायला चाललोय. तपासणीत आतड्याला भोक पडतं असं कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलंय. पडू शकतं, पण फार क्वचित. घरात बसून वाढणाऱ्या गाठीची भीती मला त्याहून जास्त वाटते.

खरा त्रास आदल्या दिवशीचा. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, बियांचं काही नको. टोमॅटो, पेरू बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. तांबडा रस्सा नाही आणि पांढराही नाही. कोकम सरबतही नको, लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. मग ते खारट औषधाचं पाणी, अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. थंड करून पी. पोट साफ होऊन शौचाला पिवळसर स्वच्छ पाणी पडेपर्यंत थांबायचं नाही. साफ झालं नसेल तर पॉलिप दिसतच नाही आणि सगळं परत करावं लागतं. इथं आळस केलास तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची. गुंगीचं इंजेक्शन असतं, पॉलिप कापताना कळतसुद्धा नाही. सगळं चांगलं निघालं तरी तुला साधारण पाच वर्षांनी परत जायचंय. तेव्हाही त्रास नसतानाच. आणि मधेच कधी रक्त दिसलं, तर पाच वर्षं मोजत बसू नकोस आणि पुडी आणू नकोस. सरळ डॉक्टरकडं जायचं.

गुंगीमुळं त्या दिवशी गाडी चालवायची नसते, सोबत माणूस लागतो. बायकोला रजा काढायला लावू नकोस. तारीख घे आणि मला सांग. पहाटे औषध प्यायला उठशील तेव्हा फोन कर, मी जागाच असतो. सहाला तुझ्या दारात येतो.

तुझा,
मामा