सामान्य वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेने मज्जारज्जूच्या दुखापतीची शुश्रूषा शिकण्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे? ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा ठरेल का?

ऑनलाइन अभ्यासक्रमाने आपला पाया चांगला पक्का होईल, पण तेवढ्यावर थांबता येणार नाही. मी स्वतः पुनर्वसन विभागात परिचारिका म्हणून काम करते आणि नव्या सहकाऱ्यांना शिकवते. कोणतेही प्रशिक्षण सुचवण्याआधी मी एकच गोष्ट पाहते: रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कसे शिकवावे, हे त्यात शिकवले जाते का? या दुखापतीत रुग्णालयातला मुक्काम कधीतरी संपतो, पण लघवी, शौच आणि त्वचा यांची काळजी आयुष्यभर घ्यावी लागते आणि ती रुग्ण स्वतः किंवा त्याच्या घरचे घेणार असतात.

सुरुवातीसाठी आंतरराष्ट्रीय स्पायनल कॉर्ड सोसायटीचा २०१२ मध्ये सुरू झालेला ‘ई-लर्न एससीआय’ हा मोफत अभ्यासक्रम घ्यावा. त्यात डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, समाजसेवक अशा प्रत्येकासाठी वेगळे विभाग आहेत. आपण केवळ परिचारिकांचा विभाग करून थांबू नये, असा माझा आग्रह आहे. उदाहरणार्थ, मानेच्या सहाव्या पातळीवर दुखापत झालेल्या रुग्णाला मनगट वर उचलता येते, मात्र बोटे हलवता येत नाहीत. तरीही मनगट वर केल्यावर बोटे आपोआप आत वळतात आणि त्या पकडीत चमचा किंवा पेला धरता येतो. मनगट मागे वाकवलेले असतानाच बोटेही सरळ ताणली, तर या पकडीसाठी लागणारी बोटांच्या स्नायूंची आखूड लांबी हरवते आणि पकड सैल पडते. हे फिजिओथेरपीच्या विभागात शिकवले जाते, पण रात्रपाळीत रुग्णाचे हात हलवणारी माणसे परिचारिका आणि नातेवाईक असतात.

अमेरिकन स्पायनल इंजुरी असोसिएशनच्या प्रमाणित तपासणीचा तक्ताही वाचता यायला हवा. प्रत्येक बाजूचे १० ठरावीक स्नायू आणि २८ संवेदनबिंदू तपासून दुखापतीला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी दिली जाते, आणि दुखापत पूर्ण की अपूर्ण हे गुदद्वाराजवळच्या सर्वांत खालच्या पातळीवरील संवेदना व हालचाल यांवरून ठरते. तपासणी बहुधा डॉक्टर किंवा थेरपिस्ट करतील. पण तक्ता समजला नाही, तर रुग्णाकडून कोणती अपेक्षा ठेवावी हेच कळत नाही.

प्रत्यक्ष सराव सर्वांत जास्त हवा तो ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे रक्तदाब अचानक धोकादायकरीत्या वाढण्याच्या अवस्थेचा. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याहून वर दुखापत असलेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एरवी अनेकदा ९० ते ११० इतकाच असतो, त्यामुळे तो अचानक १४० झाला तर सामान्य वॉर्डात कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र तो जिवावर बेतू शकणाऱ्या अवस्थेचा इशारा असू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला आडवे करण्याची चूक हमखास होते. त्याला लगेच उठवून बसवावे, पाय खाली सोडावेत, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करावेत, दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजावा आणि कारण शोधावे. बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलेले असते: नळी मुरगळलेली, अडकलेली किंवा पिशवी काठोकाठ भरलेली. त्यानंतर शौचाचा विचार करावा, मग त्वचेवरचा दाब किंवा जखम पाहावी. डॉक्टरांना कळवणे आणि हे सर्व करणे एकाच वेळी व्हावे लागते, म्हणून त्याची रंगीत तालीम न घेणारे प्रशिक्षण मला अपुरे वाटते.

कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या, बाबतीत वेगळी अडचण आहे. रुग्णालयात आपल्याला पूर्ण निर्जंतुक पद्धत शिकवलेली असते, तर घरी ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यासाठी स्वच्छ पद्धत वापरता येते. तिचा पुरस्कार अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये केला. साबणाने हात धुणे, साधारण ४ ते ६ तासांचे अंतर ठेवणे आणि एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साठू न देणे, एवढे ज्याला नीट जमते तो रुग्ण पुन्हा कामावर आणि प्रवासाला जाऊ शकतो. आपण स्वतः सफाईने नळी घालतो, एवढ्याने काम होत नाही. रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या हातात नळी देऊन, आपले हात मागे ठेवून, त्यांना ते अनेकदा करू द्यावे लागते. हा संयमही शिकावा लागतो, आणि तो फक्त अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली येतो.

म्हणून शक्य असेल तर स्पायनल युनिटमध्ये, म्हणजे मज्जारज्जूच्या दुखापतीसाठीच्या खास विभागात, काही आठवडे काम करण्याची परवानगी मागावी. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे असे युनिट उभारले, तेव्हा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याच्या शिस्तीमुळे बेडसोअर आटोक्यात आले. त्या शिस्तीची सवय वाचून लागत नाही. तिथे व्हीलचेअर वापरणारे प्रशिक्षक असतील, तर त्यांच्यासोबत जास्तीत जास्त वेळ घालवावा. स्वीडनमध्ये १९७६ पासून दुखापतग्रस्त माणसेच नव्या रुग्णांना शिकवत आली आहेत. खुर्चीतून पलंगावर कसे जायचे, हे ते रोज करणाऱ्या माणसाकडून शिकण्याला माझ्या मते तोड नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रम निवडताना तपासून घ्यावी. लैंगिक जीवन आणि गर्भधारणा हा विषय पुष्कळदा दोन वाक्यांत उरकला जातो, आणि रुग्ण संकोचाने विचारत नाहीत. दुखापतीनंतर मासिक पाळी पूर्ववत झालेली स्त्री सहसा आई होऊ शकते. मात्र दुखापत वरच्या पातळीवर असेल, तर प्रसूतिकळांमुळेही डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो आणि तो गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या विकारासारखा भासू शकतो. हा भाग तपशिलाने नसेल, तर तो वेगळा शोधून जरूर पूर्ण करावा.