टीव्हीवर दशावतार, डेटा मध्यरात्रीच गुल

प्रश्न : जत्रेतला दशावतार यूट्यूबवर लाइव्ह असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्हीला लावला की रोजचा दीड जीबी तासाभरात संपतो, चित्रही अडकतं. मोबाइलवर क्वालिटी कमी करूनही फरक नाही. काय करावं? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : मोबाइलवर कमी करून भागणार नाही. टीव्हीतलं अ‍ॅप स्वतःच चित्र ओढतं, आणि ‘ऑटो’वर असेल तर झेपेल तेवढं मोठं. व्हिडिओ चालू असताना रिमोटने गिअरच्या चिन्हावर जा, क्वालिटीत 480 निवडा. ताशी साधारण अर्धा-पाऊण जीबी जाईल; 1080 ला दीड ते तीन. तरी दीड जीबीत दोन-तीन तासच, म्हणजे आख्यान रंगात येईपर्यंत! पहाटेपर्यंत बसायचं तर जादा डेटा आधीच मारून ठेवा.

अडकण्यामागे बहुधा मोबाइलची जागा. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रा, रेंज खातात. मोबाइल खिडकीत ठेवा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड (लहरींचा पट्टा) 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवा; 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतीपलीकडे दमतो. आणि चार्जिंगला लावून उशीवर नको. तापला की वेग पडतो.