शिवणीतली माया

तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. बाळ साडेपाच महिन्यांचं, २६ आठवड्यांची रजा संपत आलेली, पुढच्या महिन्यात ऑफिस. कपाट भरलेलं आणि त्यातलं अंगात जाणारं काही नाही. दिवसभर गाऊन, नाहीतर नवऱ्याचे टीशर्ट. आरशासमोरून जाताना मान खाली. नवीन घ्यावं म्हटलं तर ‘वजन उतरेलच, मग हे पैसे वायाच’ ही टोचणी. आणि शेवटी प्रश्न : ‘पूर्वीसारखी मी कधी होणार?’

माझी दोन्ही बाळंतपणं इंदूरलाच झाली. थोरली आता ११ वर्षांची आहे, धाकटा ७. त्या जोरावर एवढंच सांगते की तो शेवटचा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. त्याच्या उत्तराची वाट बघत मी पहिल्या खेपेला जवळजवळ वर्ष घालवलं. आज जे अंग आहे, त्याला नीट बसणारे पाच-सहा कपडे आधी कर. हुरूप त्यानंतर येतो. आधी हुरूप येईल आणि मग कपडे करू, हे मला तरी कधी जमलं नाही.

थोरली पाच महिन्यांची होती. चैत्रातलं हळदीकुंकू, रामबागेत, चुलतसासूबाईंकडे. मी लग्नातली हिरवी साडी काढली. ब्लाऊजचे वरचे दोन हूक लागले, खालचे तीन लागेनात. तिथे सेफ्टी पिना लावल्या आणि त्या दिसू नयेत म्हणून वरून शाल घेतली. चैत्रात, इंदूरच्या उन्हात, शाल! प्रत्येक बाईने पन्ह्याचा पेला हातात देताना विचारलं, ‘बरं नाही का गं?’ आणि आंब्याची डाळ वाढता वाढता एक आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘बाळंतपण मानवलं हो हिला!’ बाई जाड झाली हे सांगायची आपल्या भाषेतली ही सगळ्यात सभ्य रीत. पुढे पोर भुकेने रडायला लागली, तर आतल्या खोलीत जाऊन त्या पिना काढायलाच मला दहा मिनिटं लागली. एक बोटात गेली. तशीच रिक्षा करून घरी आले, आणि पुढचे चार महिने कुठलंही आमंत्रण आलं की पोरीचं पोट बिघडायचं.

सासूबाईंनी हे सगळं पाहिलं होतं, बोलल्या मात्र काही नाहीत. पावसाळ्यात एका दुपारी पोर झोपली असताना त्यांनी ते हिरवं ब्लाऊज मागून घेतलं, उलटं केलं आणि म्हणाल्या, ‘यात माया कुठंय?’ मला वाटलं काहीतरी टोमणा आहे. त्या शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाबद्दल बोलत होत्या. मग स्वतःच्या पेटीतलं एक जुनं ब्लाऊज काढून दाखवलं. दोन्ही कुशींना दीड-दीड इंच कापड आत दुमडलेलं, आणि त्यावर उसवलेल्या टिपांच्या भोकांच्या रांगा. पहिली टीप लग्नातली, मग एकेका मुलागणिक एकेक टीप बाहेर सरकलेली, आणि नंतर एक परत आत आलेली. कापड महाग होतं, मुलं होणार हे ठरलेलं होतं, म्हणून शिंपी न सांगता माया ठेवायचा. माझ्या ब्लाऊजला आतून ओव्हरलॉक मारून जेमतेम करंगळीच्या नखाएवढं कापड उरलं होतं. आतून दिसायला सुबक, पण वाढवायला जागा नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कपाटातला प्रत्येक कुर्ता, प्रत्येक ब्लाऊज उलटा करून बघ. कुशीच्या शिवणीत अर्धा इंच जरी सुटण्यासारखा असला, तरी पुढच्या आणि मागच्या भागाचा मिळून एका कुशीला एक इंच होतो, दोन्ही कुशींचे दोन इंच. बाळंतपणानंतर बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. माया नसेल तर काखेखाली त्याच कापडाचा तुकडा जोडता येतो, ब्लाऊजपीसची कात्रणं टाकून दिली नसशील तर. हात खाली असला की तो तुकडा दिसत नाही. एवढं करूनही जे बसत नाही ते कुणाला देऊन टाकू नकोस, पण कपाटातही ठेवू नकोस. पेटीत घाल, डांबरगोळी टाक, पेटी पलंगाखाली सरकव. रोज सकाळी कपाट उघडलं की तीस कपड्यांनी ‘तू आमच्यात मावत नाहीस’ म्हणायचं, आणि मग दिवस चांगला जाण्याची अपेक्षा करायची? आपल्यात बाळंतपणाला बाईचा पुनर्जन्म म्हणतात. मग मागच्या जन्मीचे ब्लाऊज बसत नाहीत म्हणून रडायचं कशाला!

अंगाचं थोडं समजून घे, म्हणजे उगाच स्वतःला दोष देणार नाहीस. गर्भाशय मूळ जागी यायलाच सहा आठवडे लागतात. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात मधून फाकतात आणि काहींचे बरेच दिवस तसेच राहतात. उताणी झोप, गुडघे वाकव, डोकं जरा उचल आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघ. मध्ये दोन बोटांहून जास्त फट लागली तर फिजिओथेरपिस्टला दाखव, आणि तोवर उताणं झोपून अंग उचलायचे पोटाचे व्यायाम (सिट-अप, क्रंच) करू नकोस, ते बाधतात. पट्ट्याने आधार मिळतो, कंबर बरी वाटते, पण फाकलेला स्नायू पट्टा जुळवत नाही. मी सव्वा महिना घट्ट पट्टा बांधून बसले होते आणि डिंकाचे लाडूही त्याच भक्तिभावाने खात होते.

केसांचं लिहिलंयस की ‘मूठ-मूठ येतात’. गरोदरपणात जे गळायला हवे होते ते हार्मोनमुळे टिकून राहतात, बाळंतपणानंतर ते हार्मोन उतरले की सगळे एकदम गळतात. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त जाणवतं आणि पुढेही काही दिवस चालतं, म्हणजे तू अजून त्यातच आहेस. मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे भरून येतात. तोवर कपाळावर बारीक नवे केस उभे राहतील आणि फोटोत वेडे दिसतील, दिसू देत. त्यानंतरही गळत राहिले तर डॉक्टरांना विचार. पायसुद्धा वाढतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तळव्याची कमान थोडी बसते आणि काहींची ती तशीच राहते. मी महिनोन्‌महिने जुन्या चपलांत बोटं आखडून चालत होते.

आणि एक गोष्ट, जी कपड्यांनी सुटत नाही. ‘आरसा नको वाटतो’ हे वेगळं, आणि कशातच मन लागत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, रडू थांबत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, हे वेगळं. पहिले दोन आठवडे रडू येणं नेहमीचं आहे. त्यापुढेही हे चालू असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी घेतात, पाच मिनिटांचं काम. घरात बोलायची सोय नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, हिंदीतही बोलता येतं. तुझ्या लिहिण्यात मला तसं दिसलं नाही, पण लिहिताना आपण बरंच गाळतो.

आता खरेदी. सगळ्यात आधी ब्रा, आणि इथे काटकसर नको. छातीचा पिंजरा रुंदावलेला असतो, वर दूध, त्यामुळे जुना नंबर विसर. टेपने छातीखालचं आणि छातीवरचं अशी दोन्ही मापं घे. सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसेल अशी घे, म्हणजे पुढे आतल्या हुकांवर आवळता येते. पाजतेस तोवर तारेची आणि काचणारी नको, दुधाच्या गाठी होऊ शकतात. पुढून उघडणाऱ्या तीन पुरतात, हल्ली पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून चौथी. ही एक गोष्ट बदलली आणि माझा तोच जुना कुर्ता अंगावर वेगळा दिसायला लागला. खोटं वाटेल, पण करून बघ.

कुर्ते तयार घेण्यापेक्षा कापड घेऊन शिव. शीतलामाता बाजारात जा किंवा एमटी क्लॉथ मार्केटला, पण बाळाला घरी ठेवून, आणि पोटभर खाऊन. गर्दीत दूध भरून आलं की रंग दिसेनासे होतात. कापड बारीक, भरगच्च छपाईचं घे. एकरंगी गडद कापडावर दूध वाळलं की पांढरट डाग उठतो, फिक्या एकरंगीवर ओल दिसते, भरलेल्या छपाईत दोन्ही लपतात. आपल्या धार जिल्ह्यातल्या बागची छपाई यासाठी जणू केली आहे. लाल-काळे ठसे, मधे पांढरं, आणि कितीही धुवा. तुरटी आणि लोखंडाच्या करामतीने चढवलेले रंग ते, वाहत्या पाण्यात धुऊनच पक्के झालेले असतात. गळ्याला पुढून बटणपट्टी छातीखालपर्यंत घे, कुशीला दोन्हीकडे इंचभर माया ठेव, आणि खिसा. खिसा सांगितल्याशिवाय मिळत नाही. घेर मोठा चालेल, पण खांदा मापात हवा. खांदा उतरला की सगळा कुर्ता उसना वाटतो. नवऱ्याच्या टीशर्टमध्ये आपण गबाळ्या दिसतो त्याचं कारण पोट नसतं, खांदा असतो.

साडीचं तू ‘आता वर्षभर नाहीच’ म्हणतेस. माझं उलट मत आहे. ज्या कपड्याला कंबरेचं मापच नाही असा दुसरा कुठला आहे? निरी दोन कमी-जास्त, झालं. आणि पाजताना पदराइतका सोयीचा आडोसा शिवलेल्या कुठल्याच कपड्यात नाही. फक्त ब्लाऊज पुढून हुकांचं आणि माया असलेलं हवं. भारी कांजीवरम नको, महेश्वरी नेस. उभा धागा रेशमाचा, आडवा सुती, त्यामुळे अंगाला हलकी आणि तरी सणाला चालते. काठ बऱ्याचदा दोन्हीकडून सारखा विणलेला असतो, म्हणजे एका बाजूला बाळाने दुधाची गुळणी काढली की साडी उलटून नेसायची. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले ते राजदरबारासाठी, पण उपयोग लेकुरवाळीला जास्त झाला असं मला नेहमी वाटतं.

दागिने : बाळ आता ओढायला लागलं असेल. लोंबते झुमके ठेवून दे, टॉप्स घाल. लांब मंगळसूत्र माझ्या मुलीने एका हिसक्यात तोडलं आणि आम्ही दोन दिवस जमिनीवरून काळे मणी वेचत होतो, एक तिच्या मुठीत सापडला. आखूड बरं.

पैशाची टोचणी राहिली. दोन ब्रा-एक कुर्ता असं म्हटलं की आपल्याला ती चैन वाटते, आणि पोराचा तीन महिन्यांत लहान होणारा फ्रॉक मात्र गरज. तू महिन्याभरात आठ तास लोकांसमोर बसणार आहेस. ‘वजन उतरल्यावर घेऊ’ म्हणून मी जे वाचवले, ते दुसऱ्या खेपेला डोळे मिटून खर्च केले आणि एकदाही पश्चात्ताप झाला नाही. वजन उतरलंच तर टीप आत घ्यायची.

फोटोत ये. पहिल्या वर्षातल्या थोरलीच्या फोटोंत माझा नुसता कोपर आहे, नाहीतर गाऊनची बाही. ती परवा विचारत होती, ‘आई, तू तेव्हा घरी नव्हतीस का?’

‘बाळंतपण मानवलं’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? मी आता म्हणते, ‘हो ना, तुमच्या आशीर्वादाने,’ आणि पन्हं दुसऱ्यांदा मागते.

ऑफिसच्या पहिल्या दिवशी नवीन काही घालू नकोस. नवा कुर्ता आधी दोनदा घरी धू आणि घालून बाळाला पाजून बघ, बटणपट्टी कुठे अडते ते कळतं. ड्रॉवरमध्ये एक जास्तीचा कुर्ता आणि दूध टिपणाऱ्या पॅडचं पाकीट ठेव. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या दिवसात दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात, तेवढ्या वेळात घरी जाता येत नसेल तर दूध काढून ठेवायला वापर. हे रुजू व्हायच्या आधीच ऑफिसात बोलून घे, पहिल्या दिवशी नको.

आणि टेलरकडे याच आठवड्यात जा. आपल्या इंदुरात श्रावण दोनदा लागतो, आधी हिंदी लोकांचा, मग पंधरा दिवसांनी आपला मराठी, आणि मास्टरजी त्यांच्या श्रावणावर चालतात. एकदा राखीच्या ऑर्डरी आल्या की ‘दीदी, अब तो गणपति के बाद’ ऐकावं लागेल. पूर्वी नीट बसायचं ते जुनं ब्लाऊज मापाला नेऊ नकोस, अंगावर टेप लावून घे. आणि ‘कुशीला माया ठेवा’ हे हिंदीत त्याला कळत नाही. ‘साइड में दबाव छोड़ना’ म्हण.