मास्तरांना विचारा : पैसे कटले, तिकीट निघालं नाही

(जालन्याच्या बाजूला एसटीत एकतीस वर्षं वाहक म्हणून काढली. प्रवासी कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात, तेच नाव या सदराला दिलं. प्रवासाबद्दल काहीही विचारा.)

प्रश्न : मास्तर, मी जिल्हा रुग्णालयाजवळच्या एका लॅबमध्ये कामाला आहे. रोज शहर बसने जाते. मागच्या महिन्यात मोंढ्याच्या थांब्यावर चढले. तिकीट १५ रुपये. कंडक्टरच्या मशीनवरचा क्यूआर स्कॅन केला, पैसे कटले, मोबाइलवर हिरवी खूणही आली. पण तिकीट निघालं नाही. कंडक्टर म्हणाले, "मशीनला आलं नाही. परत भरा, नाहीतर उतरा." पर्समध्ये रोख नव्हती, खात्यात तेवढेच पैसे होते. पुढच्या थांब्यावर मला उतरवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझं काय चुकलं? पैसे परत येतील का? भावाने पुण्याच्या मेट्रोचं कार्ड दिलं आहे, ते इकडे चालेल का? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमचं काहीच चुकलं नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण "सगळे माझ्याकडे बघत होते" ही ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. ज्या बाईने भाडं दिलं तिला फुकटी ठरवून खाली उतरवलं, यापेक्षा वाईट गोष्ट बसमध्ये दुसरी होत नाही.

आता झालं काय ते सांगतो. तुम्ही पिन टाकला की निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेकडे जातो. बँक पैसे कापते, मग ते बससेवेच्या बँकेत जमा होतात. तिथून बससेवेच्या संगणकाला कळतं, आणि तो संगणक कंडक्टरच्या हातातल्या मशीनला सांगतो की तिकीट काढ. हा शेवटचा निरोप मशीनमधल्या सिमकार्डावर येतो. मोंढ्यात गर्दीच्या वेळी एका टॉवरवर किती मोबाइल लटकलेले असतात! तिथे मशीनची रेंज गेली की तुमच्या हातात हिरवी खूण आणि कंडक्टरच्या हातात नुसतं गोल फिरणारं चक्र. दोघंही खरं बोलत असतात.

कंडक्टरची बाजू मी अंगावर काढलेली आहे. तपासणी पथक गाडीत चढलं आणि एक प्रवासी बिनतिकिटाचा सापडला तर पहिला जबाब वाहकाला द्यावा लागतो. फेरी संपल्यावर मशीनमधून निघालेली तिकिटं आणि जमा केलेली रक्कम यांचा मेळ बसावा लागतो. कमी पडले तर खिशातून भरा. म्हणून ते घाबरले असतील. तरीही उतरवायला नको होतं, हे मी ठामपणे म्हणतो.

आमच्या वेळी मशीन नव्हतं. हातात तिकिटांचा ट्रे, वेगवेगळ्या किमतीच्या रंगीत गड्ड्या आणि पंच. सुट्टे नसले की मी तिकिटाच्या मागे पेनने लिहून द्यायचो, 'बाकी ३', आणि खाली सही. बीडला उतरताना म्हातारी माणसं तो कागद पुढे करायची आणि मी पैसे द्यायचो. एकतीस वर्षांत किती हजार लोकांनी माझ्या त्या दोन अक्षरांवर भरवसा ठेवला असेल! कोणी म्हणालं नाही की मास्तर, आधी सुट्टे दाखवा मगच बसतो. तेव्हा देणं माझ्याकडे असायचं. आज देणं मशीनकडे अडकतं, आणि भरवसा प्रवाशावर ठेवायचा असतो. कंडक्टरने तुमच्या मोबाइलवरचा व्यवहार क्रमांक आणि वेळ वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, टिपून घ्यावी आणि तुम्हाला बसू द्यावं, एवढी मुभा त्याला लेखी मिळायला हवी. लंडनमध्ये ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणं बंद केलं. पण त्याच सुमारास अशीही सोय केली की ऑयस्टर कार्डात (तिथलं आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) भाड्याइतके पैसे उरले नसले तरी आणखी एक फेरी करता येते, शिल्लक नंतर भरायची. रात्री उशिरा कोणी रस्त्यावर अडकून पडू नये, एवढा विचार तिथे झाला. आपल्याकडे मशीन विकत घेताना हा विचार का होत नाही, हा माझा प्रत्येक महापालिकेला प्रश्न आहे.

तुमच्या पैशांबद्दल. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला म्हणा, बसवाल्याला म्हणा, पैसे दिले, खात्यातून गेले, पण समोरच्याला पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. तुम्ही लिहिलंय त्याला महिना झाला, म्हणून आधी खात्याचा उतारा बघा. पैसे गुपचूप परत आलेही असतील. आले नसतील तर त्या अॅपमध्ये तो व्यवहार उघडा, बारा आकडी क्रमांक दिसेल, तिथूनच तक्रार नोंदवा. कधी कधी निरोप उशिरा पोचतो आणि रक्कम बससेवेच्या खात्यात जमा होऊन बसते. मग बँक म्हणते, आमच्याकडून गेले. अशा वेळी तोच क्रमांक, गाडीचा नंबर, मार्ग आणि वेळ लिहून बससेवेच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. पंधरा रुपयांसाठी एवढं कशाला, असं घरचे म्हणतील. तुम्ही करा. अर्ज गेल्याशिवाय वर कोणाला कळतच नाही की मोंढ्याच्या थांब्यावर मशीन अडकतं.

पुन्हा असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. मिनिटभर थांबा, कंडक्टरला तो व्यवहार मशीनवर पुन्हा तपासायला सांगा. आणि क्यूआर मशीनच्या पडद्यावरचाच घ्या. त्यात भाड्याची रक्कम आणि त्या तिकिटाचा क्रमांक असतो, म्हणून मशीनला तुमचे पैसे ओळखता येतात. कोणी "माझ्या नंबरवर टाका" म्हणालं तर नको म्हणा.

आता भावाचं कार्ड. ते 'एक पुणे कार्ड' असेल तर ते नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे. देशभर एकच कार्ड चालावं म्हणून ४ मार्च २०१९ ला ही योजना सुरू झाली. तुमच्या शहरातलं मशीन ते घेतं का हे कंडक्टरलाच विचारा; कार्ड चांगलं असून मशीन तयार नसेल तर उपयोग नाही. पण घेत असेल तर मी म्हणेन, कार्डच वापरा. याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. यूपीआयला त्या क्षणी नेटवर्क लागतं, कार्डाला लागत नाही. भाड्याची शिल्लक कार्डातल्या चिपवरच लिहिलेली असते. कार्डात बॅटरी नसते. मशीनच्या अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर धरलं की मशीनच्याच लहरींवर चिप जागी होते. मशीन भाडं वजा करून नवी शिल्लक लिहितं आणि तिकीट देतं. बँकेशी हिशेब नंतर, रेंज आल्यावर.

फक्त दोन गोष्टी भावाने सांगितल्या नसतील. मोबाइलवरून कार्डात पैसे भरले की ते लगेच चिपवर येत नाहीत; मेट्रो स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून ते चढवून घ्यावे लागतात. कितीतरी जण इथेच फसतात, "पाचशे भरले आणि शिल्लक शून्य" म्हणून भांडतात. दुसरं, बसभाड्याला पिन लागत नाही. कार्ड हरवलं तर ज्याला सापडेल तो ती शिल्लक वापरू शकतो. म्हणून आठवड्यापुरतेच पैसे ठेवा. आणि ताई, पर्सच्या आतल्या कप्प्यात वीस-तीस रुपयांची चिल्लर असू द्या. माझी आई लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवायची, तसं.

प्रश्न : मास्तर, माझं वय ७८. एसटीत मला तिकीट नाही, तरी कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. कागद काहून वाया घालवता म्हटलं, तर म्हणाला "नियम आहे". शहर बसमध्ये मात्र पैसे मागतात. असं का?
– एक आजोबा, अंबड

उत्तर : अप्पा, तो कागद वाया जात नाही, टाकू नका. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे, आणि त्या प्रवासाचे पैसे राज्य सरकार महामंडळाला देतं. किती जणांचे द्यायचे, हे मशीनमधल्या याच तिकिटांवरून मोजलं जातं. महिलांचं अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ ला सुरू झालं, त्याचाही हिशेब असाच. तुमचं शून्याचं तिकीट निघालं नाही तर तुमचा प्रवास सरकारदरबारी झालाच नाही, आणि उद्या "या मार्गावर माणसंच नाहीत" म्हणून गाडी बंद करायला कागद तयार! म्हणून कंडक्टर विसरला तर तुम्ही मागून घ्या.

शहर बस एसटीची नसते, महापालिकेची किंवा तिने नेमलेल्या कंपनीची असते. एसटीची सवलत तिथे आपोआप लागू होत नाही. तिथे ज्येष्ठांना काय सवलत आहे हे त्यांच्या कार्यालयात विचारा. जाताना आधार कार्ड बरोबर न्या.

प्रश्न : ऑफिसात प्रवासबिलाला जोडायला ठेवलेली तिकिटं महिन्यात कोरी पडतात. शाई हलकी वापरतात का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : शाई नसतेच. कागदावर उष्णतेने काळा होणारा थर असतो, मशीनचं डोकं तापून त्यावर अक्षरं उमटवतं. ऊन, घाम आणि प्लास्टिकचं पाकीट लागलं की अक्षरं उडतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तर विचारूच नका. तिकीट मिळाल्यावर त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढा किंवा झेरॉक्स करा, आणि मूळ तिकीट साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा. शर्टाच्या वरच्या खिशात नको.