‘अग्लीज’ सिनेमा पाहिला, आता ‘प्रिटीज’ थेट वाचायला घेऊ का? आणि तेरा वर्षांच्या मुलीला देण्यासारखं आहे का?

थेट घेऊ नका. आधी ‘अग्लीज’ हे पुस्तक वाचा. स्कॉट वेस्टरफेल्डच्या कादंबरीमालिकेचे हे दोन्ही भाग 2005 मध्येच लागोपाठ आले आणि गोष्ट मध्ये न थांबता पुढे जाते. त्यातल्या शहरात सोळाव्या वर्षी प्रत्येकाला ऑपरेशन करून ‘प्रिटी’, म्हणजे देखणं, बनवतात. 2024 चा नेटफ्लिक्सवरचा सिनेमा पहिल्या भागावरचा असला, तरी त्यात पेरिसला स्पेशल, म्हणजे शहराच्या गुप्त दलातला माणूस, करून टाकलंय. पुस्तकात तो नायिका टॅलीचा जुना मित्र आणि साधा प्रिटी आहे. ‘प्रिटीज’मध्ये सगळे गरम हवेच्या फुग्यातून पळतात तेव्हा पेरिस ऐनवेळी काय करतो यावर टॅलीचा पुढचा सगळा प्रवास ठरतो. सिनेमातला पेरिस डोक्यात असेल तर त्या प्रसंगाचा काही अर्थच लागणार नाही.

पहिलं पुस्तक भरभर उरकायचं असेल तरी दोन जागा नीट वाचा. एक म्हणजे स्मोकमध्ये, शहरातून पळालेल्यांच्या रानातल्या वस्तीत, तिथल्या डेव्हिड या मुलाचे आईवडील, मॅडी आणि अ‍ॅझ, टॅलीला ऑपरेशनमागची खरी गोष्ट सांगतात तो भाग. दोघंही पूर्वी हीच ऑपरेशनं करणारे डॉक्टर होते. भूल दिल्याचे परिणाम तपासताना त्यांना प्रिटींच्या मेंदूत बारीक व्रण सापडले. काही ठरावीक कामं करणाऱ्यांच्या मेंदूत मात्र ते नव्हते. दुसरी जागा म्हणजे शेवट, टॅली स्वतःहून ऑपरेशनला का तयार होते ते.

कारण ‘प्रिटीज’ उघडते तेव्हा हीच टॅली पार्टीला कोणते कपडे घालायचे या विवंचनेत असते. रानावनातून होव्हरबोर्डवर (हवेत तरंगणाऱ्या फळीवर) एकटी स्मोकपर्यंत पोचलेली मुलगी, आणि आता तिचा विचार कपड्यांपलीकडे जात नाही! निवेदन तिच्याच नजरेतून चालतं, त्यामुळे काय हरवलंय हे ती सांगूच शकत नाही, ते आपल्याला कळावं लागतं. मला टॅलीच्या तिन्ही पुस्तकांत हा भाग सरस वाटतो तो यासाठीच. माणसाला सुंदर आणि सुखी ठेवून आज्ञेत ठेवता येतं, हे इथे कुणी भाषण देऊन सांगत नाही, तिच्या विचारांचा वेगच मंदावलेला असतो. बरेच वाचक नेमके इथेच पुस्तक सोडतात, ‘टॅली उथळ झाली, सगळे सारखं बबली आणि बोगस म्हणत बसतात’ अशी तक्रार करून (प्रिटींच्या बोलीत बबली म्हणजे मस्त, बोगस म्हणजे भिकार). तो उथळपणा मुद्दाम आणलेला आहे. निदान व्हॅलेंटिनो मॅन्शनच्या मनोऱ्यापर्यंत तरी जा.

तिथे टॅली आणि तिचा प्रिटी मित्र झेन यांना मेंदूतल्या व्रणांवरच्या दोन गोळ्या आणि एक पत्र सापडतं. पत्र टॅलीनेच ऑपरेशनआधी स्वतःला लिहिलेलं असतं. उपचार करून घ्यायला तेव्हाच्या टॅलीने होकार दिलेला आहे, पण गोळी गिळायची ती आताच्या टॅलीला, जिला आपण तो का दिला हेही नीट आठवत नाही. स्पेशल्स मागावर असल्यामुळे दोघं घाईघाईत एकेक गोळी वाटून घेतात. ही वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढे झेनच्या डोकेदुखीचा आणि टॅलीच्या शुद्धीवर येण्याचा उलगडा तिथूनच होतो.

आता मुलीबद्दल. भाषा सोपी आहे, तेरा वर्षांच्या मुलीला जड जाणार नाही. पण टॅलीची मैत्रीण शे आणि तिचा गट डोकं ताळ्यावर आणण्यासाठी स्वतःचे हात कापून घेतात, तो प्रसंग तपशिलात आहे. टॅली तो पाहून हादरते, लेखक त्याची भलामण करत नाही, तरीही तो आधी तुम्ही स्वतः वाचा. शिवाय दारू सर्रास आहे आणि खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून गोळ्या घेणं नेहमीचं आहे. मुलगी सध्या वजनावरून किंवा दिसण्यावरून त्रासात असेल, तर पुस्तक वर्षभर पुढे ढकला. नसेल तर द्या, पण एकटीला वाचायला सोडू नका, बरोबरीने वाचा.

वाचून झाल्यावर तिला शहराची बाजू मांडायला सांगा. ती बाजू लेचीपेची नाही. सगळे सारखेच देखणे झाले तर कातडीच्या रंगावरून भेदभाव उरणार नाही, रूपावरून कुणी कुणाला हिणवणार नाही, असं ते शहर म्हणतं. मोठे डोळे आणि दोन्ही बाजूंनी सारखा चेहरा माणसाला उपजतच आवडतो, असाही दाखला देतं. याला उत्तर देताना मुलीची खरी मतं बाहेर येतील. ‘सुंदर दिसणं वाईट’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर तिथे थांबू नका, मग शहराचं नेमकं काय चुकलं ते विचारा.

शेवट सांगत नाही, पण तो अगदी कड्यावर आणून सोडतो, म्हणून ‘स्पेशल्स’ (2006) आधीच आणून ठेवा. त्यात कापून घेणं आणखी वाढतं, तेव्हा तोही आधी स्वतः चाळा. चौथा ‘एक्स्ट्राज’ (2007) जपानमधल्या आया फ्यूज नावाच्या मुलीचा आहे. तो नाही वाचला तरी टॅलीची गोष्ट अर्धवट राहत नाही.